न्गोरोंगोरो क्रेटर सफारी: बुकिंगच्या आधी समजून घ्या २४ तासांचा हिशोब, फी, व्हिसा आणि फोनची तयारी

ताडोबाची सफारी बुक करायची तर आपण वेबसाइट उघडतो, गेट निवडतो, सकाळ की दुपार ते ठरवतो आणि पैसे भरतो. टांझानियातल्या न्गोरोंगोरोचं तसं नाही. तिथे बहुतेक सगळं टूर ऑपरेटरमार्फत होतं. तुमच्या हातात येतं ते एक कोटेशन, आणि तीन ऑपरेटरना विचारलं तर तीन वेगवेगळे आकडे येतात.

मग स्वस्त कुठलं आणि महाग कुठलं हे कसं ओळखायचं? त्यासाठी एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: इथे पैसे दिवसाचे नाही, तासांचे जातात. एन्ट्रीची फी २४ तासांची असते आणि क्रेटरमध्ये उतरायची फी गाडीमागे वेगळी असते. हे गणित कळलं की कोटेशन वाचता येतं आणि प्लॅनही सुधारता येतो. चला, एकेक करून बघू.

न्गोरोंगोरो म्हणजे नक्की काय?

टांझानियाच्या उत्तर भागात, अरुशा शहराच्या पश्चिमेला हे ठिकाण आहे. साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड ज्वालामुखी होता. किलिमांजारोच्या तोडीचा असावा, असा अंदाज आहे. उद्रेकात पोटातला लाव्हारस निघून गेला, खालची जागा पोकळ झाली आणि डोंगराचा माथा स्वतःच्याच वजनाने आत कोसळला. अशा खळग्याला शास्त्रीय भाषेत कॅल्डेरा म्हणतात. आपलं लोणारचं विवर उल्का आदळून झालं, हे कोसळून झालं. लोणारचा व्यास दोन किलोमीटरपेक्षाही कमी आहे. न्गोरोंगोरोचा १६ ते १९ किलोमीटर भरतो. पाण्याने न भरलेला आणि कडा शाबूत असलेला हा जगातला सर्वांत मोठा कॅल्डेरा मानला जातो.

तळाचं क्षेत्रफळ साधारण २६० चौरस किलोमीटर आणि कड्यापासून तळापर्यंतची खोली सुमारे ६०० मीटर. या एवढ्या जागेत गवताळ मैदान, लेराईचं जंगल, न्गोइटोकिटोकचे झरे आणि मगादी नावाचं खारं तळं आहे. पाणी आणि चारा वर्षभर मिळतो, म्हणून मोठे प्राणी वर्षभर इथेच सापडतात. त्यांची संख्या साधारण २५ हजार सांगितली जाते. सिंह, हत्ती, रानम्हशी, झेब्रे, विल्डबीस्ट, तरस आणि काळे गेंडे, सगळे एकाच खळग्यात.

जिराफ मात्र तळावर दिसत नाही. उभा उतार आणि त्याच्या खाण्याजोग्या झाडांची कमतरता, ही कारणं सांगितली जातात. मुलांना जिराफ दाखवायचाच असेल तर तो वरच्या रस्त्यावर किंवा सेरेंगेटीत शोधा.

"न्गोरोंगोरो" लिहिलंय, पण क्रेटर आहे का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्र" हा जवळजवळ ८,३०० चौरस किलोमीटरचा मोठा प्रदेश आहे आणि क्रेटर हा त्याचा एक छोटा भाग आहे. अरुशाहून सेरेंगेटीला जाणारा नेहमीचा रस्ता याच प्रदेशातून जातो. त्यामुळे एखाद्या स्वस्त पॅकेजमध्ये "दिवस ३: न्गोरोंगोरो" असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात गाडी कड्यावरच्या व्ह्यू पॉइंटला दहा मिनिटं थांबून पुढे निघून जाते. फोटो मिळतो, क्रेटर मिळत नाही.

म्हणून ऑपरेटरला लेखी विचारा: गाडी क्रेटरच्या तळावर उतरणार आहे का? क्रेटर सर्व्हिस फी कोटेशनमध्ये धरली आहे का? खाली किती तास मिळणार? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं आली नाहीत, तर तिथेच थांबा.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. हे नॅशनल पार्क नाही. १९५९ साली सेरेंगेटीपासून हा भाग वेगळा केला गेला, तो वन्यप्राणी आणि मासाई पशुपालक दोघांनीही इथे राहावं या हेतूने. त्यामुळे याचा कारभार आणि फी सेरेंगेटीपेक्षा वेगळी आहे. दोन्हीकडे जाणार असाल तर दोन्हीकडची फी भरावी लागते.

फीचा हिशोब: गाडीत माणसं किती, यावर सगळं अवलंबून

गेल्या काही वर्षांतले दर धरून हिशोब करू. परदेशी प्रौढ पर्यटकाला संवर्धन फी ६० डॉलर, ती २४ तासांसाठी. क्रेटरमध्ये उतरायची फी २५० डॉलर, ती एका गाडीला आणि एका वेळेला. दोन्हीवर १८ टक्के व्हॅट. दर बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या वेळचा आकडा ऑपरेटरकडून घ्या. पण हिशोबाची पद्धत हीच राहते.

- दोन जण: १२० + २५० = ३७०, व्हॅट धरून सुमारे ४३७ डॉलर. माणशी २१८.
- चार जण: २४० + २५० = ४९०, व्हॅट धरून सुमारे ५७८ डॉलर. माणशी १४५.
- सहा जण: ३६० + २५० = ६१०, व्हॅट धरून सुमारे ७२० डॉलर. माणशी १२०.

बघितलंत? तेच क्रेटर, तेच प्राणी, पण दोघांना माणशी जवळपास शंभर डॉलर जास्त पडतात. कारण गाडीची फी वाटली जात नाही. दोघंच जाणार असाल तर ऑपरेटरला "शेअरिंग गाडी" विचारा. मात्र एका गाडीत किती जण बसवणार आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हेही विचारून घ्या. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना संवर्धन फी कमी लागते आणि पाच वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

या आकड्यांत गाडीचं भाडं, ड्रायव्हर-गाइड, हॉटेल आणि जेवण धरलेलं नाही. संवर्धन क्षेत्राच्या आत मुक्काम केला तर मुक्कामाचं शुल्कही वेगळं लागतं. म्हणून एखादं कोटेशन या सरकारी फीच्या आसपासच असेल, तर त्यात काहीतरी राहिलं आहे असं समजा.

२४ तासांचं घड्याळ कसं चालतं?

गेटवर नोंद झाली की घड्याळ सुरू. २४ तासांत बाहेर पडला नाहीत तर पुढच्या दिवसाची फी लागते. क्रेटरचा तळ सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढाच खुला असतो. खाली मुक्काम करता येत नाही. आता दोन प्लॅन बघा.

प्लॅन एक: कराटू गावात मुक्काम. गाव गेटच्या बाहेर आहे, हॉटेलं स्वस्त आहेत आणि गेट साधारण अर्ध्या तासावर आहे. सकाळी ६ ला गेटवर हजर राहायचं. कागदपत्रांची रांग, मग कड्यावरून पाऊण-एक तास गाडी चालवून उतरणीचा रस्ता. म्हणजे खाली पोचायला सव्वासात-साडेसात. दुपारी एक-दीडपर्यंत खाली फिरून वर या. मग त्याच दिवशी अरुशाला परता किंवा सेरेंगेटीकडे निघा. एका फीत काम झालं.

प्लॅन दोन: कड्यावरच्या लॉजमध्ये मुक्काम. आदल्या दिवशी दुपारी तीनला गेटमधून आत यायचं, रात्री कड्यावर राहायचं, सकाळी सहालाच उतरायला लागायचं. गेटची रांग आदल्याच दिवशी संपलेली असते, त्यामुळे तळावर पोचणाऱ्या पहिल्या गाड्यांमध्ये तुमची गाडी असते. सिंह सकाळच्या गारव्यात हालचाल करतात. ऊन चढलं की गवतात आडवे. पण लक्षात ठेवा, दुपारी तीनच्या आत गेटबाहेर पडायचं आहे. लॉज महाग, मुक्कामाचं शुल्क वेगळं. त्याच्या बदल्यात सकाळचा चांगला तास मिळतो.

सेरेंगेटीही करणार असाल तर आणखी एक गोष्ट. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तुम्ही संवर्धन क्षेत्रातूनच जाता आणि दोन्ही वेळा फी लागते. मग त्यातल्या एका फेरीतच क्रेटर बसवा. क्रेटरसाठी वेगळा तिसरा प्रवेश ठेवलेला प्लॅन म्हणजे उगाच एक जादा फी.

कधी जायचं?

जून ते ऑक्टोबर कोरडा काळ. गवत आखूड असतं, प्राणी दिसायला सोपे, पण गर्दी आणि दर दोन्ही जास्त. जानेवारी ते मार्च या काळात जवळच्या न्डुटू भागात विल्डबीस्टच्या लाखो माद्या पिल्लं घालतात. क्रेटर आणि न्डुटू असा जोडप्लॅन तेव्हा भारी होतो. मार्चअखेर ते मे मोठा पाऊस असतो. तेव्हा दर उतरतात, पण उतरणीचा रस्ता निसरडा होतो आणि कड्यावर ढग बसतात.

हवामानाच्या अ‍ॅपवर इथे डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अ‍ॅपमध्ये बहुतेक लोक कराटू शोधतात, ते साधारण १,५०० मीटर उंचीवर आहे. कडा आहे सुमारे २,३०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे अ‍ॅपने १४ दाखवलं तर कड्यावर ९ धरा, आणि छत उघडलेल्या गाडीत वारा लागतो तो वेगळा. आफ्रिका म्हणून फक्त टी-शर्ट भरून जाऊ नका. जाड स्वेटर आणि कानटोपी हवीच.

व्हिसा आणि पिवळ्या तापाची लस

भारतीय पासपोर्टवर टांझानियाचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. साध्या पर्यटन व्हिसाची फी ५० डॉलर आहे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने बाकी हवी. गुगलवर शोधलं की वरती जाहिरातीतल्या खासगी साइट येतात. त्या सरकारी साइटसारख्याच दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. ओळखायची खूण सोपी आहे: टांझानिया सरकारच्या साइटचा पत्ता "डॉट जीओ डॉट टीझेड" असा संपतो. शेवटी "डॉट कॉम" किंवा "डॉट ऑर्ग" असेल तर ती सरकारी साइट नाही. अर्ज निदान तीन-चार आठवडे आधी करा.

आता लस. मुंबईहून बरेच जण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातात. केनिया आणि इथिओपिया हे दोन्ही देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिकडून येणाऱ्याकडे लसीचं सर्टिफिकेट नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवता येतं. तिथे कनेक्टिंग विमानासाठी बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर टांझानियाही सर्टिफिकेट मागतो. फक्त विमान बदललं तर नियम लागतो की नाही, यावर विमानतळाच्या काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा लस घेतलेली बरी. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. वय ६० च्या वर असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. सर्टिफिकेटचा फोटो फोनमध्ये ठेवा, पण मूळ पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच हवं.

ऑपरेटर खरा आहे का, हे कसं तपासायचं?

- टांझानियात टूर चालवायला सरकारी परवाना लागतो, त्याला टाला लायसन्स म्हणतात. चालू वर्षाची प्रत मागा.
- पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यावरच पाठवा. "माझ्या वैयक्तिक खात्यावर टाका, कर वाचेल" असं कोणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करा.
- फी गेटवर रोख भरून चालत नाही. सरकारी यंत्रणा एक कंट्रोल नंबर तयार करते, त्या नंबरवर पैसे भरले की परमिट निघतं. तुमच्या परमिटवर संवर्धन फी आणि क्रेटर फी दोन्ही दिसतात का, ते बघून घ्या.
- शाकाहारी असाल तर ते मेलवर लिहून कळवा आणि अंडं चालतं की नाही हेही लिहा. क्रेटरमध्ये हॉटेल नाही. सकाळी दिलेला डबाच दुपारी उघडायचा असतो.

पैशांबाबत आणखी एक. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, ते निघण्याआधी सुरू करा. यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या घ्या. २००६ च्या आधी छापलेल्या नोटा तिथे बरेच जण नाकारतात.

फोनची तयारी

क्रेटरच्या तळावर नेटवर्क येतं-जातं. म्हणून गुगल मॅप्समध्ये कराटूपासून न्डुटूपर्यंतचा भाग वायफायवर असतानाच ऑफलाइन डाउनलोड करा. अनेकांना वाटतं, नेट नाही म्हणजे जीपीएस नाही. तसं नसतं. जीपीएससाठी फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. चित्र आधीच फोनमध्ये असेल तर फ्लाइट मोडमध्येही निळा ठिपका बरोबर सरकत राहतो. नेट नसताना पहिली जागा सापडायला एखाद मिनिट जास्त लागतं, इतकंच. शिवाय सिग्नल शोधत बसणारा फोन बॅटरी खातो, त्यामुळे खाली उतरलात की फ्लाइट मोड लावणंच फायद्याचं.

- सिम: स्थानिक सिमसाठी पासपोर्ट आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. तो वेळ वाचवायचा असेल तर भारतातूनच ई-सिम घ्या.
- प्लग: तिथे ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट जास्त असतात. युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर न्या. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे.
- पॉवर बँक: विमानात हँडबॅगेतच ठेवायची आणि १०० वॉट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, ती चालते.
- बॅकअप: लॉजच्या वायफायवर शेकडो फोटो क्लाउडवर चढत नाहीत. ओटीजी पेनड्राइव्ह न्या आणि रोज रात्री कॉपी करा.
- ड्रोन: परवानगीशिवाय चालत नाही. घरीच ठेवा.
- प्लास्टिक कॅरीबॅग: १ जून २०१९ पासून टांझानियात बंदी आहे, पर्यटकांनाही. चिवडा-लाडू डब्यात भरा.

आणि झूम? क्रेटरमध्ये गाडी रस्ता सोडून प्राण्याकडे नेता येत नाही. गेंडा बहुतेक वेळा लांबच असतो. फोनमधला खरा, म्हणजे लेन्सचा झूम तीन-पाच पटींचा. त्यापुढे फोन चित्र कापून मोठं करतो आणि गेंड्याचा काळा ठिपका होतो. नवा फोन घेण्यापेक्षा ८ बाय ४२ ची चांगली दुर्बीण घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. माणशी एक असेल तर उत्तम, कारण गेंडा रांग लावून थांबत नाही.

सहा म्हणजे किती वाजता?

टांझानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पण खरी गंमत स्वाहिली वेळेची आहे. तिथे तास मध्यरात्रीपासून नाही, सूर्योदयापासून मोजतात. "सा मोजा", म्हणजे शब्दशः एक वाजता, याचा अर्थ सकाळी सात! ड्रायव्हर पर्यटकांशी बोलताना आपल्या पद्धतीचीच वेळ सांगतात, पण लॉजच्या स्वयंपाकघरात डब्याचं सांगताना घोळ होऊ शकतो. वेळ कागदावर आकड्यात लिहून दाखवा.

खाली उतरल्यावर

पिकनिकच्या जागी डबा उघडताना डोक्यावर लक्ष ठेवा. घारी हातातला सँडविच उचलून नेतात. गाडीतच बसून खाल्लेलं बरं.

गेंड्याचा फोटो टाकताना लोकेशन बंद करा. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदलेली असते. इथले काळे गेंडे शिकारीमुळे एकेकाळी अगदी मोजके उरले होते, आजही रेंजर त्यांच्यावर पहारा ठेवतात. कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन टॅग बंद करायला दहा सेकंद लागतात.

मासाई लोकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्यांच्या वस्तीला भेट देणार असाल तर पैसे किती आणि ते कोणाला, हे आधी ठरवा. २०२२ पासून सरकार इथल्या कुटुंबांना टांगा प्रांतातल्या मसोमेरा गावी हलवत आहे. सरकार म्हणतं हे स्वेच्छेने आहे. अनेक मासाई आणि मानवी हक्क संघटना तसं मानत नाहीत. आपण पाहुणे म्हणून जातो, तेव्हा कड्यावर गुरं दिसली की "जंगलात गुरं कशी?" असं म्हणण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

थोडक्यात चेकलिस्ट

१. प्रवासाच्या तीन महिने आधी: तीन कोटेशन, त्यात क्रेटर फी लेखी.
२. सहा आठवडे आधी: लस आणि डॉक्टरांचा सल्ला.
३. चार आठवडे आधी: सरकारी साइटवरून व्हिसा.
४. एक आठवडा आधी: ऑफलाइन नकाशा, ई-सिम, कार्डचे व्यवहार सुरू, अ‍ॅडॉप्टर.
५. आदल्या रात्री: फोन, पॉवर बँक फुल चार्ज, लोकेशन टॅग बंद, डब्याची वेळ लिहून दिलेली.
६. गेटवर: प्रवेशाची वेळ परमिटवर बघा आणि फोनमध्ये २२ तासांनंतरचा अलार्म लावा.

शेवटचा अलार्म विसरू नका. सिंह समोर असला की कोणालाच घड्याळ आठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणूनच आठवण ठेवायचं काम फोनला द्या आणि तुम्ही निवांत सिंह बघा.